जड नावाचा क्षार : बेरियम सल्फेटची कुळकथा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपल्या शाळेत विज्ञान शिकवीत. त्यांच्या हाताखाली शिकून मी मात्र मराठीचा अध्यापक झालो. संयोजकांनी मला बोलावले तेव्हा मी बडोद्याच्या वाङ्मयीन परंपरेवर अथवा संतवाङ्मयावर बोलेन, अशी त्यांची समजूत असणार. ‘बेरियम सल्फेट’ हा विषय मी कळवला, तेव्हा दूरध्वनीवर क्षणभर कोणी काही बोलले नाही. मी रसायनशास्त्रज्ञ नाही आणि तसा आव आणणारही नाही. परंतु एका क्षाराच्या नावाने माझ्या आयुष्यात एकदा मोठा घोळ घातला होता. तो सरांनी निस्तरला. त्याचे ऋण या व्यासपीठावरूनच मान्य करावे, असे अनेक वर्षे मनात होते. शिवाय या क्षाराचा इतिहास धुंडाळताना माझ्या लक्षात आले, की त्यात माझ्या विषयालाही, म्हणजे शब्दाला, मोठे स्थान आहे.

आरंभ आपल्या प्रयोगशाळेतच करतो. साल १९६५. आम्ही दहावीत होतो. सरांनी परीक्षानळीत पाण्यासारखा स्वच्छ द्राव घेतला. तो सोडियम सल्फेटचा होता. दुसऱ्या कुपीतून त्यांनी तितक्याच स्वच्छ अशा बेरियम क्लोराइडच्या द्रावाचे चार थेंब त्यात सोडले. दोन नितळ द्राव एकत्र येताच नळीत दुधासारखा पांढरा ढग उठला आणि हळूहळू तळाशी बसला. सर म्हणाले, “हा साका. आता यात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाका.” आम्ही टाकले. साका जागचा हलला नाही. “विरघळला नाही, म्हणून हा सल्फेट,” सर म्हणाले. मग त्यांनी बेरियम क्लोराइडची कुपी उंच धरली आणि बजावले, “या कुपीतले पोटात गेले तर ते भयंकर विष आहे. पण या नळीच्या तळाशी बसले आहे, ते चमचाभर खाल्ले तरी काही होणार नाही.”

आम्हा मुलांच्या लक्षात त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा राहिला. माझ्या तर पक्का राहिला. त्याचे काय झाले ते यथावकाश सांगेन. तोपर्यंत त्या पांढऱ्या साक्याचे कूळ शोधू.

बोलोन्याचा दगड

या कुळाची पहिली नोंद इटलीतली आहे. सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी, १६०२-०३ च्या सुमारास, बोलोन्या नगरात विन्चेन्झो काश्यारोलो नावाचा एक चांभार राहत होता. हलक्या धातूचे सोने करण्याच्या किमयेचा त्याला नाद होता. शहराजवळच्या मोंते पादेर्नो या टेकडीवर त्याला काही दगड सापडले. आकाराच्या मानाने ते फारच जड होते. एवढ्या जड दगडात मौल्यवान धातू असलाच पाहिजे, असा त्याने कयास बांधला आणि कोळशाबरोबर तो दगड भट्टीत भाजला. सोने निघाले नाही. परंतु भाजलेला दगड दिवसा उन्हात ठेवून रात्री अंधारात आणला, तेव्हा तो निखाऱ्यासारखा लालसर उजळत राहिला.

आज आपण जाणतो, की तो दगड म्हणजे बराइट, अर्थात निसर्गात सापडणारे बेरियम सल्फेट. कोळशाबरोबर तापवल्यावर सल्फेटमधला ऑक्सिजन निघून जातो आणि बेरियम सल्फाइड उरते. त्यात तांब्याचा लेशमात्र अंश असतो आणि त्या अंशामुळेच ते प्रकाश साठवून पुढे परत देते, हे एकविसाव्या शतकातील संशोधनाने दाखवून दिले आहे. त्या काळच्या विद्वानांना मात्र हे मोठेच कोडे होते. प्रकाश ही दगडात मुरू शकणारी वस्तू आहे काय? फोर्तुनियो लिचेती या पंडिताने १६४० साली या दगडावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि चंद्रही असाच सूर्यप्रकाश साठवून उजळत असावा, असे मत मांडले. वृद्ध व दृष्टिहीन झालेल्या गॅलिलिओने त्याचे खंडन केले. चंद्राच्या काळोख्या भागावर दिसणारी मंद प्रभा ही पृथ्वीवरून परतलेल्या उन्हाची आहे, हा त्याचा सिद्धान्त होता आणि तोच खरा ठरला.

साहित्याच्या विद्यार्थ्याला या दगडाची भेट आणखी एका ठिकाणी होते. जर्मन महाकवी गटे याच्या १७७४ सालच्या ‘वेर्थर’ या कादंबरीतील नायक आपल्या प्रियेकडे नोकर धाडतो. तो पोरगा तिला पाहून परत आला, की नायकाला तो बोलोन्याच्या दगडासारखा वाटतो. उन्हात राहून आलेला, अजून त्या प्रकाशाने भरलेला! चांभाराच्या भट्टीतून निघालेल्या दगडाला दीडशे-पावणेदोनशे वर्षांत प्रेमकथेतल्या उपमेचे स्थान मिळाले.

नाव आणि त्याचे गोत्र

योगायोग असा, की त्याच १७७४ साली या दगडाच्या अंतरंगाचा शोध लागला. स्वीडनमधील औषधविक्रेता व रसायनज्ञ कार्ल विल्हेल्म शेले हा मँगेनीजच्या खनिजाचा अभ्यास करीत होता. त्यात त्याला एक अनोळखी ‘माती’ आढळली. गंधकाम्ल घालताच ती कशातही न विरघळणारा पांढरा साका देई. सरांनी आम्हांला जो प्रयोग दाखवला, त्याचा मूळपुरुष हा. पुढे शेलेचा मित्र योहान गान याने दाखवून दिले, की खाणीतील लोकांना परिचित असलेला तो ‘जड दगड’ याच मातीचा बनलेला आहे.

जडपणा हाच या कुळाचा मुख्य गुण असल्याने फ्रेंच रसायनज्ञांनी तिला ग्रीक ‘बारुस्’, म्हणजे ‘जड’, या शब्दावरून नाव दिले. १८०८ साली लंडनमध्ये हम्फ्री डेव्हीने विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने त्या मातीतून धातू वेगळा केला आणि त्या नावावरूनच त्याला ‘बेरियम’ म्हटले.

येथे भाषेचा अध्यापक म्हणून मला थोडे थांबू द्या. ‘बेरियम’ ऐकताच आपल्या कानाला ‘भार’ हा शब्द जवळचा वाटतो. परंतु हे साम्य फसवे आहे. ‘भार’ हा ‘भृ’, म्हणजे वाहणे, या धातूपासून आला आणि त्याचा ग्रीक भाऊबंद ‘फेरो’ हा आहे. ‘बारुस्’चा खरा सख्खा भाऊ संस्कृतात दुसराच आहे आणि ध्वनीने तो ओळखू येत नाही. तो शब्द म्हणजे ‘गुरु’. मूळ भाषेतील एकाच ध्वनीचे ग्रीकमध्ये ‘ब’ झाले आणि संस्कृतात ‘ग’ झाले. लॅटिनमधील ‘ग्राविस’ हाही त्याच घरचा. तेव्हा गुरूच्या स्मृतिदिनी बेरियमवर बोलणे व्युत्पत्तीच्या दृष्टीने तरी अप्रस्तुत नाही, एवढे आपण मान्य कराल!

आणि गंमत पाहा. ज्या धातूचे नाव ‘जड’, तो स्वतः काही फारसा जड नाही. बेरियम धातूची घनता पाण्याच्या साडेतीन पट, म्हणजे लोखंडाच्या निम्म्याहूनही कमी. बराइटची घनता मात्र पाण्याच्या साडेचार पट आहे. रस्त्यावरचा सामान्य दगड पावणेतीन पटीच्या आसपास असतो. म्हणजे धातूपेक्षा त्याचा क्षारच जड. नाव क्षारामुळे पडले आणि चिकटले ते धातूला.

विष कोठे, साका कोठे

या घराण्यातला दुसरा महत्त्वाचा क्षार म्हणजे बेरियम कार्बोनेट. इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात अँग्लझार्क येथील शिशाच्या खाणीत मिळालेल्या या खनिजाचे वर्णन १७८४ साली डॉ. विल्यम विदरिंग यांनी प्रसिद्ध केले. हृदयरोगावर डिजिटॅलिसचा उपयोग सांगणारे ते हेच विदरिंग. त्यांच्याच नावावरून या खनिजाला ‘विदराइट’ म्हणतात. दिसायला पांढरे, चवीला जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे उंदीर मारण्यासाठी ते पिठात कालवून ठेवण्याची रीत पडली.

याउलट काहींना हे क्षार औषधी वाटले. अॅडेअर क्रॉफर्ड या डॉक्टरांनी १७८९ साली गंडमाळेवर बेरियम क्लोराइड देण्याची शिफारस केली होती. ही उपाययोजना टिकली नाही, हे रुग्णांचे भाग्य. विरघळलेले बेरियम रक्तात शिरले, की शरीरातील पोटॅशियमचा व्यवहार बिघडतो. रक्तातील पोटॅशियम पेशींच्या आत अडकून पडते, स्नायू लुळे पडतात, हृदयाची लय चुकते आणि अखेर श्वासाचे स्नायूही थकतात. चीनमधील सिच्वान प्रांतात, लेशान नगराच्या परिसरात, ‘पा पिंग’ नावाचा अंग लुळे पाडणारा विकार होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे स्थलांतर केलेल्या विद्यापीठातील विद्यार्थीही त्यात सापडले. १९४३ च्या सुमारास चिनी डॉक्टरांनी कारण शोधले. तेथील खाण्याच्या मिठातच बेरियम क्लोराइड मिसळलेले होते.

मग त्याच धातूचा सल्फेट निरुपद्रवी कसा? उत्तर एका शब्दात आहे : विरघळणे. लिटरभर पाण्यात बेरियम सल्फेट जेमतेम दोन-अडीच मिलिग्रॅम विरघळते. पोटातील आम्लाचाही त्याच्यावर परिणाम होत नाही. शरीराला विष बाधते ते विरघळलेल्या रूपात. जे विरघळतच नाही, ते आले तसे निघून जाते. कार्बोनेटही पाण्यात फारसे विरघळत नाही, पण आम्लात ते लगेच विरघळते आणि आपले जठर तर हायड्रोक्लोरिक आम्लाचीच पिशवी आहे. दहावीच्या वर्गात परीक्षानळीत जी कसोटी आम्ही पाहिली, तीच कसोटी जठर प्रत्येक घासाची घेत असते.

याच न्यायाने बेरियमच्या विषबाधेवर सोडियम सल्फेट अथवा मॅग्नेशियम सल्फेट पोटात देतात. विरघळलेल्या बेरियमला सल्फेट भेटला, की पोटातच पांढरा साका बनतो आणि त्यात अडकलेले विष पुढे रक्तात जात नाही. सरांच्या परीक्षानळीतला तो ढग येथे माणसाचा जीव वाचवतो.

पांढऱ्या रंगाची चाकरी

न विरघळणे, न बदलणे आणि शुभ्र असणे, या तीन गुणांवर बेरियम सल्फेटने जगात पुष्कळ चाकरी केली. १७७४-७५ च्या सुमारास जोसाया वेजवुड या इंग्रज कुंभाराने ‘जॅस्पर’ नावाची प्रसिद्ध मातीची भांडी सिद्ध केली. त्यांच्या मिश्रणात डर्बीशायरचा बराइट मोठ्या प्रमाणात होता आणि हे गुपित त्याने कसोशीने जपले. चित्रकार व रंगारी पूर्वी शिशाचा सफेदा वापरीत. तो विषारी होता आणि गंधकयुक्त हवेने काळाही पडे. बेरियम सल्फेटचा साका यांपैकी काहीच करीत नसे, म्हणून फ्रेंचांनी त्याला ‘अढळ पांढरा’ अशा अर्थाचे नाव दिले. तेलात कालवल्यावर मात्र तो पुरेसा झाकत नसे. त्यावर तोड म्हणून १८७० च्या दशकात झिंक सल्फाइडबरोबर त्याचे मिश्रण निघाले. तेच लिथोपोन. विसाव्या शतकात टायटॅनियमच्या पांढऱ्या रंगाने लिथोपोनला मागे सारले, तरी रंग, रबर व प्लॅस्टिक यांत भर म्हणून बेरियम सल्फेट आजही जाते.

आपल्या घरी जुनी कृष्णधवल छायाचित्रे असतील. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रांच्या कागदावर जिलेटिनमध्ये खललेल्या बेरियम सल्फेटचा थर देऊ लागले आणि त्यावर चांदीच्या क्षाराचा प्रकाशग्राही लेप चढू लागला. कागदाचे तंतू त्या थराखाली झाकले जात. त्या छायाचित्रांतील पांढऱ्याची जी मऊ, घट्ट शुभ्रता आपण वाखाणतो, ती याच क्षाराची. आपल्या शाळेच्या सभागृहात मांडलेल्या जुन्या तुकड्यांच्या चित्रांकडे जाताना जरूर पाहा. गुरुजनांच्या पागोट्यांचा पांढरा अजून पांढरा आहे.

छायाचित्राचा विषय निघाला म्हणून आपल्या गावाची एक आठवण करून देतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यात कलाभवन निघाले. त्याचे सूत्रधार त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. दादासाहेब फाळके यांनी छायाचित्रणाचे प्रारंभीचे धडे गिरवले, ते याच कलाभवनात. गज्जरांचा आग्रह असा होता, की रसायन, रंगकाम व यंत्रविद्या मुलांना देशी भाषांतून शिकवावी. त्यासाठी मराठी व गुजराती ग्रंथ आणि परिभाषा सिद्ध करण्याचा उद्योग त्यांनी महाराजांच्या पाठबळावर आरंभला होता. आमच्या सरांनी ‘प्रेसिपिटेट’ न म्हणता ‘साका’ म्हटले, त्यामागे अशी पाऊणशे वर्षांची पुण्याई होती. साका हा घरातला शब्द. तळाशी काय बसले आहे, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आज मात्र जगातील बहुतेक बराइट रंगाकडे जात नाही, तेलविहिरींकडे जाते. विहीर खोदताना आत जो चिखल सोडतात, त्यात बराइटची पूड मिसळून त्याला जड करतात. भूगर्भातील तेल व वायू यांचा दाब त्या वजनाने थोपवला जातो. एरवी ते उसळून वर येऊन अनर्थ करतील. जगातील बराइटच्या मोठ्या साठ्यांपैकी एक आपल्या देशात, आंध्र प्रदेशातील जुन्या कडप्पा जिल्ह्यातल्या मंगमपेट येथे आहे. दिवाळीच्या दारूकामातही हे घराणे होते. हिरवी ज्योत बेरियमच्या क्षारांची असे. धूर व विषारी कण यांमुळे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांत बेरियमच्या क्षारांचा वापर मना केला आणि २०२१ मध्ये त्या आदेशाचा पुनरुच्चार केला.

क्ष-किरणांचा सोबती

ज्यामुळे सामान्य माणसाला ‘बेरियम’ हा शब्द ठाऊक झाला, त्या उपयोगाकडे आता येतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांच्या अंधाऱ्या खोलीत जो पडदा अकस्मात उजळला, त्यावर बेरियमच्याच एका क्षाराचा, बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा, लेप होता. क्ष-किरण मनुष्याला प्रथम दिसले ते बेरियमच्या उजेडात.

या किरणांनी हाडे दिसू लागली. जठर व आतडी मात्र दिसेनात. किरण अडवण्याची शक्ती मूलद्रव्याच्या अणुक्रमांकाबरोबर झपाट्याने वाढते. हाडातील कॅल्शियमचा अणुक्रमांक २० आहे. मऊ अवयव ज्यांचे बनतात त्या कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे ६, ७ व ८. तेव्हा आतड्यांत एखादा मोठ्या अणुक्रमांकाचा पदार्थ भरला, तर त्यांची सावली पडेल. १८९६ च्या अखेरीस अमेरिकेत हार्वर्ड येथे वॉल्टर कॅनन या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने प्राण्यांना बिस्मथचा क्षार खाऊ घालून अन्नाचा प्रवास पडद्यावर पाहिला. १९०४ साली म्युनिकच्या हेर्मान रीडर यांनी हीच रीत माणसांसाठी रूढ केली. परंतु बिस्मथचा तो नायट्रेट क्षार आतड्यातील जंतूंमुळे विषारी बनू शके आणि त्यात काही रुग्ण दगावले. १९१० साली बॉन येथील बाखेम व ग्युंटर यांनी त्याच्या जागी बेरियम सल्फेट सुचवले. अणुक्रमांक ५६; स्वस्त, शुभ्र, न विरघळणारे. तेव्हापासून ‘बेरियम मील’ हा शब्द सर्वत्र झाला.

परंतु याच ठिकाणी भाषेचा धोका उभा राहिला. सल्फेट निर्धोक, सल्फाइड व सल्फाइट विषारी. एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक! चिठ्ठीवर घाईने ‘बेरियम सल्फ.’ असे लिहिले आणि औषधविक्रेत्याने दुसरीच बाटली उघडली, तर रुग्णाचा अंत ठरलेला. म्हणून अमेरिकेच्या औषधसंहितेत स्पष्ट सूचना आली, की बेरियम सल्फेट लिहून देताना त्याचे नाव नेहमी पूर्ण लिहावे, संक्षेप करू नये. शब्द पूर्ण लिहिण्याचा आग्रह आम्ही शुद्धलेखनाच्या तासाला धरतो, तेव्हा मुले हसतात. येथे तो आग्रह वैद्यकशास्त्राने धरला आहे.

नाव बरोबर असूनही वस्तू चुकू शकते, हे २००३ साली ब्राझीलमध्ये दिसले. क्ष-किरण तपासणीसाठी तयार केलेल्या बेरियम सल्फेटच्या औषधात कार्बोनेट मिसळलेले होते आणि ते घेतलेले अनेक रुग्ण मरण पावले. बाटलीवर सल्फेट, आत कार्बोनेट. दोन्ही पांढरी. सौम्य आम्लाचे चार थेंब टाकले असते, तर फसफस होऊन सत्य समोर आले असते.

माझी चूक

आता मी आरंभी राखून ठेवलेली गोष्ट सांगतो. १९७१ साल होते; मी एम. ए. करीत होतो. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, कित्येक महिने जेवणानंतर उलट्या होत. अंग उतरत चालले होते. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली : बेरियमची क्ष-किरण तपासणी. ती चिठ्ठी मी वाचली, म्हणजे तिचा पहिला शब्द वाचला. कानात सरांचे वाक्य घुमले, तेही अर्धेच. मी घरी जाहीर केले, की बेरियम हे जहाल विष आहे, त्याने उंदीर मारतात आणि ते अण्णांना प्यायला देणार आहेत. घरात मीच काय तो शिकलेला. आई घाबरली. अण्णा आधीच रुग्णालयाला नाराज. त्यांना निमित्तच मिळाले. “मुलगा म्हणतो आहे ना, मग नकोच,” असे म्हणून त्यांनी चिठ्ठी देवघरातल्या पोथीत ठेवून दिली. काढे व पथ्य यांत तीन आठवडे गेले. अण्णांना पेजही टिकेना.

सर वाटेत भेटले आणि घरची चौकशी केली, तेव्हा मी मोठ्या अभिमानाने हा किस्सा सांगितला. सर रागावले नाहीत. “चिठ्ठी घेऊन उद्या शाळेत ये,” एवढेच म्हणाले. दुसरा दिवस रविवार होता. त्यांनी स्वतः किल्ली आणून प्रयोगशाळा उघडली. दोन परीक्षानळ्यांत चिमूट चिमूट पांढरी पूड घातली आणि आम्लाची कुपी माझ्या हाती दिली. पहिल्या नळीत आम्ल पडताच पूड फसफसली आणि पाहता पाहता नाहीशी झाली. दुसऱ्या नळीत मी आम्ल टाकत राहिलो, नळी हलवत राहिलो. पूड तळाशी तशीच. “पहिली उंदरांची,” सर म्हणाले. “आता चिठ्ठी मोठ्याने वाच.” मी वाचली. डॉक्टरांनी सुवाच्य अक्षरात दोन्ही शब्द पूर्ण लिहिले होते.

दुसऱ्याच दिवशी अण्णांना नेले. तो खडूसारखा पांढरा घोट त्यांनी माझ्याकडे पाहत घेतला. जठराच्या मुखाशी जुन्या व्रणाने वाट जवळजवळ बंद झाली होती. चित्रात ते स्वच्छ दिसले. शस्त्रक्रिया झाली. अण्णा त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, की तीन आठवड्यांपूर्वी आणले असते तर रुग्णात एवढा अशक्तपणा नसता आणि धोकाही एवढा नसता. त्या तीन आठवड्यांचा दोष कोणत्या डॉक्टरांचा नव्हता, की बेरियमचा नव्हता. तो माझा होता. मी निरक्षर असतो, तर चिठ्ठी घेऊन मुकाट्याने गेलो असतो. अर्धवट शिकलेला होतो आणि घरच्यांचा माझ्या शिक्षणावर विश्वास होता, म्हणून अनर्थ जवळ आला.

अण्णांना मी ही कबुली दिली ती फार उशिरा. ते हसले आणि म्हणाले, “अरे, तू सांगितलेस ते खोटे नव्हते, पुरते नव्हते.”

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर मी पुन्हा अर्धेच सांगितले असे होईल. बेरियम सल्फेटही सर्व प्रसंगी निर्धोक नाही. जठराला अथवा आतड्याला भोक पडल्याची शंका असेल, तर ते देत नाहीत. कारण ते पोटाच्या पोकळीत सांडले तर तेथे तीव्र दाह होतो. आणि आता दुर्बिणीने जठर आतून पाहता येते, सीटी स्कॅन आहे. त्यामुळे अण्णांच्या काळी होती तेवढी या तपासणीची गरज उरलेली नाही. तथापि गिळण्याच्या त्रासाची तपासणी करताना तो पांढरा घोट अजूनही दिला जातो.

मित्रहो, आपल्या शाळेच्या मराठी माध्यमाच्या तुकड्या पूर्वीसारख्या भरत नाहीत, हे आपण सारे जाणतो. त्याविषयी येथे शोक करण्यासाठी मी आलो नाही. माझी संस्थेला एवढीच विनंती आहे, की प्रयोगशाळा बंद पडू देऊ नका. तुकडीत बारा मुले असली, तरी त्या बारांच्या हाती परीक्षानळी द्या. कपाटातील प्रत्येक बाटलीवर नाव पूर्ण लिहा, मराठीत आणि इंग्रजीतही, आणि मुलांकडून ते मोठ्याने वाचून घ्या. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना या कामी हातभार लावावासा वाटेल, त्यांच्या यादीत पहिले नाव माझे धरावे. या व्याख्यानाचे मानधन मी त्यासाठीच संस्थेच्या स्वाधीन करीत आहे.

मागील महिन्यात मी मुद्दाम शाळेत येऊन ते जुने कपाट पाहिले. खालच्या फळीवर काचेच्या बुचाची एक बाटली अजून आहे. तळाशी बोटभर पांढरी पूड आहे आणि चिठ्ठीवर सरांच्या वळणदार अक्षरात दोन्ही शब्द आहेत : बेरियम सल्फेट.